वऱ्हाडातील दोन तरुण वाचक

वऱ्हाड म्हटले की परप्रांतीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम कापूस उभा राहतो. काळीभोर जमीन, दिवाळीनंतर बाजाराकडे निघालेल्या बंड्यांच्या रांगा, जिनांची घरघर, अडत्यांच्या पेढ्या आणि सरकीचे ढीग एवढ्यात या प्रांताचे चित्र पुरे झाले, असे त्याला वाटते. विद्या पुण्याची, छापखाने मुंबईचे आणि पैसा वऱ्हाडचा, अशी वाटणी मराठी माणसाने मनाशी फार पूर्वीच करून ठेवली आहे. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नव्हे. अकोला आणि अमरावती या दोन गावांनी मराठी वाङ्मयाला दोन मोठे वाचक दिले. पहिला वाचक म्हणजे अकोल्यास वाढलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. त्यांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपुरास झाला. दुसरा वाचक म्हणजे अमरावतीस जन्मलेल्या कुसुम जयवंत, ज्यांना महाराष्ट्र पुढे कुसुमावती देशपांडे या नावाने ओळखू लागला. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ चा.

हे दोघेही लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु लेखक होण्यापूर्वी ते तरुण वाचक होते, आणि त्यांच्या लेखनाचे मूळ त्या तरुण वाचनात सापडते. नुकतेच निघालेले पुस्तक हाती घ्यावे, ते मनापासून वाचावे आणि आपल्याला काय वाटले ते स्वच्छ शब्दांत सांगावे, ही गोष्ट दिसावयास साधी आहे. तथापि त्या काळी ती तितकी साधी नव्हती. मुलाने वडीलधाऱ्यांच्या लेखनात उणे काढणे हे औद्धत्य ठरे. आणि मुलीने तर कादंबरी हाती धरणे हेच पुष्कळ घरांतून अपराधासारखे मानले जाई. या दोघांनी ती मुभा कशी मिळविली आणि तिचा उपयोग कसा केला, हा वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासातील एक मनोज्ञ भाग आहे.

प्रथम त्या काळचे वऱ्हाड ध्यानी घेतले पाहिजे. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेने पुढे सरकत १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. हा मार्ग बांधला गेला तो मुख्यत्वे कापूस नेण्यासाठी. पण रिकाम्या हाताने परत येणे आगगाडीच्याही स्वभावात नसते. कापूस घेऊन गेलेली गाडी येताना कचेऱ्यांतील कारकून, शाळांतील मास्तर, वकील, नाटक मंडळ्यांचे पडदे आणि टपालाच्या थैल्या घेऊन येऊ लागली. त्या थैल्यांतून मासिके आणि पुस्तके येत. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली आणि पुस्तक दारात आल्यावर पैसे देण्याची सोय झाली. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. एखादे पुस्तक आवडले किंवा नावडले, हे शंभर कोसांवरील मित्रास एका पैशात कळविता येऊ लागले. वाङ्मयाच्या इतिहासात असल्या गोष्टींची नोंद क्वचित होते; पण आडगावच्या वाचकाच्या दृष्टीने तो एक मोठा पालटच होता.

पुस्तक आले तरी ते एकट्याचे राहत नसे. एक प्रत आणि तिचे दहा वाचक, असा तो हिशेब होता. रात्री जेवणे उरकल्यावर ओसरीवर कंदील टांगावा, ज्याचा आवाज चांगला त्याने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि मधूनमधून वाद घालावा, अशी रीत होती. उन्हाळ्यात वऱ्हाडची दुपार घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. ती दुपारही वाचनाच्याच कामी येई. हिवाळ्यात शेतावर हुरड्याची आगटी पेटली म्हणजे गरम कणसांबरोबर नाटकांच्या गोष्टी निघत. तेव्हा पुस्तक हे नित्याच्या सुखापासून वेगळे काढून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हती. ते हुरड्यासारखे वाटून खाण्याचे होते. या दोन वाचकांची पुढील वाटचाल समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे.

श्रीपाद कृष्णांचे शालेय शिक्षण अकोल्यास झाले. त्यांचे बालपण म्हणजे अर्वाचीन मराठी वाङ्मयाचेही तारुण्य होते. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली, तेव्हा ते तीन वर्षांचे होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आणि हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांना चौदावे वर्ष होते. म्हणजे निबंध, संगीत नाटक आणि सामाजिक कादंबरी हे तिन्ही नवे प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत उदयास आले. जुन्या पोथ्यांवर वाढलेल्या मुलाला ग्रंथ हा पूज्य असतो. नव्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलाला तो आपल्याच वयाचा सोबती वाटतो. सोबत्याशी भांडता येते, त्याची थट्टा करता येते आणि त्याच्यावर जीवही लावता येतो.

पुढे ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले आणि १८९१ मध्ये बी. ए. झाले. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर त्यांचे परीक्षण प्रसिद्ध झाले आणि वाङ्मयाच्या क्षेत्रात त्यांचे नाव झाले. ‘विविधज्ञानविस्तार’ हे १८६७ पासून चाललेले, विद्वानांचे म्हणून मानले गेलेले मासिक. आणि लिहिणारा बावीस वर्षांचा, ज्याच्या नावावर स्वतःचे एकही पुस्तक नाही असा तरुण. त्या काळी ‘अभिप्राय’ म्हणून जो प्रकार चाले, त्यात ग्रंथकर्त्याने प्रत धाडावी आणि संपादकाने ‘पुस्तक संग्राह्य आहे, छपाई सुबक आहे’ असे चार शब्द लिहून पोच द्यावी, यापलीकडे बहुधा काही नसे. चिपळूणकरांनी या सवयीवर प्रहार केला होता; परंतु १८८२ मध्ये त्यांच्या अकाली निधनाने ते काम अपुरे राहिले. नाटक हे वाङ्मय आहे, त्याची परीक्षा संविधानक, स्वभावरेखन आणि भाषा यांच्या कसोटीवर व्हावयास हवी, आणि ती परीक्षा करण्यास वय किंवा पदवी लागत नाही, लक्षपूर्वक वाचन लागते, ही गोष्ट श्रीपाद कृष्णांनी आपल्या टीकालेखनाने मराठी वाचकांच्या गळी उतरविली.

दुसऱ्याच्या नाटकास कसोटी लावणाऱ्याला स्वतःचे नाटक लिहून दाखवावे लागते. ‘वीरतनय’ हे त्यांचे नाटक १८९६ मध्ये रंगभूमीवर आले. त्यानंतर ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’ अशी नाटके त्यांनी लिहिली. पुराणातील कथा सोडून स्वतंत्र कथानक रचणे, संवादांत कोट्यांची आतषबाजी करणे आणि पदांना नव्या, चटकदार चाली लावणे, ही त्यांची वैशिष्ट्ये. मद्यपान, स्त्रीशिक्षण, विधवाविवाह हे त्या काळचे जळते प्रश्न त्यांनी नाटकांत आणले. त्या पिढीला ही नाटके फार नवी वाटली. तथापि काळाची कसोटी टीकाकारालाही सोडीत नाही. काल्पनिक राज्ये, वेषांतरे, एकाच्या जागी दुसरा समजण्याचे घोटाळे आणि प्रत्येक पात्राच्या तोंडी ग्रंथकर्त्याचीच चतुर भाषा, यांमुळे ती नाटके पुढे रंगभूमीवरून मागे पडली. दुसऱ्याच्या पुस्तकात जे उणे त्यांच्या तीक्ष्ण दृष्टीस चटकन दिसले असते, ते स्वतःच्या पुस्तकात दिसले नाही. यात नवल मानण्याचे कारण नाही. पुस्तकांतून मिळालेल्या कल्पनांवरच पुस्तक उभारले म्हणजे त्याचे पाय जमिनीस लागत नाहीत.

त्यांचे पाय जमिनीस लागले ते वऱ्हाडात. १८९७ मध्ये ते एल्‌एल्. बी. झाले आणि अकोल्यास वकिली करू लागले. पुढे खामगाव आणि त्यानंतर जळगाव जामोद येथे त्यांचा व्यवसाय चालला. तालुक्याच्या गावची कचेरी म्हणजे मनुष्यस्वभावाचे संग्रहालय होय. तेथे शपथ घेऊन खोटे बोलणारे येतात आणि शपथेच्या भीतीने खरेही न बोलणारे येतात. पढविलेले साक्षीदार येतात आणि पढविलेले विसरणारेही येतात. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला आणि मराठीत विनोदाची एक नवी परंपरा सुरू झाली. राजवाडे आणि वेषांतरे सोडून श्रीपाद कृष्णांची लेखणी प्रथमच आपल्या अंगणात उतरली होती.

या लेखमालेतून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी जन्मास आली. हे कोणी शूर वीर नव्हेत, विद्वानही नव्हेत. ते आपल्याच आळीत राहणारे, जेवणावळीची वाट पाहणारे, सणावारांत रमणारे, रूढींचा अर्थ न कळताही त्या निष्ठेने पाळणारे आणि त्यातून स्वतःची फजिती करून घेणारे गृहस्थ आहेत. लग्ने, मुहूर्त, सण, सोवळेओवळे, सभा, संमेलने या नित्याच्या गोष्टी घेऊन सुदामा मोठ्या गंभीर मुद्रेने त्यांचे समर्थन करू लागतो आणि त्या समर्थनातच त्यांची विसंगती उघडी पडते. सुधारकाने रागावून जे सांगितले असते ते येथे हसत सांगितलेले आहे. रागावून सांगितलेले ऐकताना मनुष्य दार लावून घेतो. हसत सांगितलेले ऐकावयास तो दार उघडून बाहेर येतो.

या लेखांच्या नावांतच त्यांचे मर्म आहे. संग्रहाचे नाव ‘सुदाम्याचे पोहे’. द्वारकेच्या राजाकडे जाताना दरिद्री मित्राने फाटक्या वस्त्रात बांधून नेलेली ती मूठभर भेट. १९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह निघाला, त्यास ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असेही म्हटले. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली तेव्हा ते ‘साहित्य-बत्तिशी’ झाले. अठराच्या आकड्यासाठी पर्वांची किंवा पुराणांची आठवण करून देता आली असती. लेखकाने कडबोळ्याची आठवण करून दिली. बत्तिशी म्हणताना दातही आले आणि हसताना ते दिसतात हेही आले. पोहे, कडबोळे आणि हसू ही मराठी घरातील अगदी स्वस्त सुखे. वाङ्मयाच्या भरजरी दरबारात ही शिदोरी घेऊन जाण्यास श्रीपाद कृष्ण लाजले नाहीत, आणि दरबाराने ती हिसकावून घेऊन खाल्ली.

इंग्रजी वाङ्मयातही असा एक प्रसंग घडून गेला होता. १७११ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅडिसन आणि स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’ हे पत्र सुरू केले. त्यात मिल्टनच्या महाकाव्यावरील गंभीर टीका येई, तशीच कॉफीगृहातील गप्पा, बायकांचे पंखे आणि सर रॉजर नावाच्या साध्याभोळ्या जमीनदाराच्या गमतीही येत. एकाच कागदावर ग्रंथविचार आणि नित्याची करमणूक एकत्र नांदल्यामुळे सामान्य गृहस्थास वाचनाची गोडी लागली. अकोल्याच्या या वकिलानेही टीका आणि विनोद या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीने केल्या, आणि त्यामुळे मराठी वाचक वाढला.

श्रीपाद कृष्ण वयाने वाढले, पण नव्या पुस्तकाविषयीची त्यांची तरुणपणाची उत्सुकता ओसरली नाही. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’, वामन मल्हार जोशी यांची ‘रागिणी’ अशा ग्रंथांची त्यांनी विस्ताराने परीक्षणे केली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. ‘बाळकराम’ या नावाने गडकऱ्यांनी जे विनोदी लेख लिहिले, ते सुदाम्याच्याच घरातील होत. वि. स. खांडेकरांनीही त्यांचे शिष्यत्व अभिमानाने सांगितले. वकिली सांभाळून त्यांनी १९१३ मध्ये ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये महाराष्ट्राचे स्तुतिगीत लिहिले, जे आजही शाळाशाळांतून गायिले जाते. आणि १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी वऱ्हाडातील लहान गावी काढला. पण पुण्यामुंबईच्या लेखकाला आपल्या पुस्तकावर वऱ्हाडातून काय लिहून येते याची उत्सुकता लागून राही, हे त्या तरुण वाचकाने मिळविलेले खरे यश होय.

एक गोष्ट मात्र या चित्रात राहून गेली. ओसरीवर वाचन चाले तेव्हा आतल्या दाराआड उभ्या राहून ऐकणाऱ्या स्त्रियांना मत विचारण्याची रीत नव्हती. काशीबाई कानिटकरांसारख्या पुढे नामांकित लेखिका झालेल्या स्त्रीलाही लग्नानंतर चोरून वाचावयास शिकावे लागले होते. १८८४ मध्ये पुण्यास मुलींची हुजूरपागा शाळा निघाली, १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक सुरू झाले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. मासिक घरात येऊ लागले म्हणजे ते स्वयंपाकघरातही जाऊ लागते. अशा काळात अमरावतीस कुसुम जयवंत यांचा जन्म झाला.

अमरावती हे तेव्हा जागे गाव होते. १८९७ मध्ये तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. लोकमान्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे यांची ती कर्मभूमी. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडच्या मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. चवीने आणि तर्काने वस्तू ओळखावी, चुकली तर हसावे आणि पुन्हा ओळखू पाहावे, हे शिक्षण त्या खेळात आहे, आणि टीकाकाराला याहून वेगळे शिक्षण लागत नाही. कुसुमताई शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आणि नंतर फर्ग्युसन कॉलेजात गेल्या. तेथे त्यांची आत्माराम रावजी देशपांडे या तरुणाशी ओळख झाली. तोच पुढे ‘अनिल’ या नावाने प्रसिद्ध झालेला कवी. त्याचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुरास झाला होता. मूर्तिजापूर आणि अमरावती यांच्यामध्ये आगगाडीचा अगदी थोडा प्रवास. परंतु या दोघांची भेट घडण्यास पुणे गाठावे लागले.

त्या ओळखीतून जो पत्रव्यवहार झाला, तो ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये, म्हणजे कुसुमावतीबाईंच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील पत्रे १९२२ ते १९२७ या काळातील आहेत. प्रेमपत्रे म्हणून हा ग्रंथ गाजला, आणि तो तसा आहेच. परंतु पत्रे लिहिणारी दोघेही वाङ्मयाची विद्यार्थी होती. अशा दोघांत मनातल्या गोष्टींच्या शेजारी पुस्तकांच्या आणि कवितांच्या गोष्टी याव्यात, हे स्वाभाविकच होते. ज्या काळात बहुसंख्य मुलींचे विवाह त्यांना न विचारता ठरत, त्या काळात अमरावतीची एक तरुणी कागदावर आपले मन, आपली आवड आणि आपले मत मांडीत होती, आणि वाचणारा ते समान नात्याने वाचीत होता. पुढील मोठ्या टीकाकाराची लेखणी अशा मोकळ्या कागदावर तयार झाली. योगायोग असा की, याच वर्षांत, १४ जानेवारी १९२३ रोजी मकरसंक्रांतीस, अमरावतीतच विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. एकीकडे गावचे जाणते लोक साहित्यासाठी संस्था उभी करीत होते आणि दुसरीकडे त्याच गावची मुलगी टपालाच्या पाकिटात साहित्य लिहीत होती.

पुढे कुसुमताई इंग्लंडला गेल्या आणि १९२९ मध्ये लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन परतल्या. त्याच वर्षी त्यांचा अनिलांशी विवाह झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग असूनही त्यांच्या कथा मराठी घरातल्याच राहिल्या. ‘दीपकळी’ हा त्यांचा कथासंग्रह १९३४ चा. नंतर ‘दीपदान’ आणि ‘मोळी’ आले. त्या कथांत मोठ्या घडामोडी नाहीत, चमत्कारिक योगायोग नाहीत. सामान्य माणसाच्या आयुष्यातील एखादा क्षण, एखादे न बोललेले दुःख, एखादे न मिरविलेले सुख त्या हळुवारपणे उचलतात आणि वाचकाच्या ओंजळीत ठेवतात. सुदाम्याने नित्याच्या गोष्टींकडे पाहून खदखदून हसविले. कुसुमावतीबाईंनी त्याच गोष्टींकडे पाहून वाचकास क्षणभर थांबविले. दोघांचे धान्य एकाच शिवारातले होते.

टीकाकार म्हणून त्यांची थोरवी दिसते ती ‘पासंग’ आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथांत. पासंग हा शब्द बाजारातला आहे. तराजूची दोन पारडी सारखी नसली म्हणजे हलक्या पारड्यात जे छोटे वजन घालून तोल साधतात, तो पासंग. कापसाच्या बाजारात वाढलेल्या प्रांतास या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याला ठाऊक असते की, खोट्या वजनापेक्षा न काढलेला पासंग अधिक बुडवतो, कारण तो डोळ्यांस दिसत नाही. टीकालेखांच्या संग्रहाला हे नाव शोभते. दुसऱ्याचे पुस्तक तोलण्यापूर्वी वाचकाने आपल्या तराजूकडे पाहिले पाहिजे. आपली आवड कोणत्या बाजूस झुकते, आपला अभिमान कोठे आडवा येतो, आपल्या गावाचे, जातीचे, पिढीचे ओझे कोणत्या पारड्यात आहे, हे ओळखून मग माप घेतले पाहिजे.

‘मराठी कादंबरी’ या ग्रंथाचे दोन भाग १९५३ आणि १९५४ मध्ये निघाले. त्यात त्यांनी मराठी कादंबरीच्या शंभर वर्षांचा आढावा घेतला आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटना’पासून हरिभाऊ आपटे, वामन मल्हार आणि पुढील कादंबरीकारांपर्यंतचा हा प्रवास आहे. अशा कामासाठी चांगली पुस्तके वाचून भागत नाही. विसरली गेलेली, कंटाळवाणी, अद्भुताच्या नादात वाहवलेली पुस्तकेही धीराने वाचावी लागतात. बाईंच्या लेखणीत उपहास क्वचित सापडतो. फसलेल्या पुस्तकाकडेही त्या अशा पाहतात की, लेखकाला काय साधावयाचे होते आणि ते का साधले नाही, हे वाचकास कळावे. श्रीपाद कृष्णांच्या टीकेत वकिलाची उलटतपासणी आहे. कुसुमावतीबाईंच्या टीकेत न्यायाधीशाचे ऐकून घेणे आहे. मराठीला दोहोंची गरज होती, आणि दोन्ही वऱ्हाडातून मिळाली.

१९५६ च्या सुमारास कुसुमावतीबाई आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर स्त्रियांच्या व मुलांच्या कार्यक्रमांचे काम पाहू लागल्या. १९५८ मध्ये अनिल मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावतीबाईंकडे आले. संमेलनाच्या इतिहासात त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होत. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला दिल्लीस त्यांचे निधन झाले. दाराआड उभी राहून वाचन ऐकणारी स्त्री अखेर सभेच्या मुख्य आसनावर येऊन बसली, आणि तिचे मत ऐकण्यासाठी सारे साहित्यिक समोर बसले. या अंतराला सुमारे ऐंशी वर्षे लागली. ही वाट कोणी एकाने बांधली नाही. हुजूरपागेसारख्या शाळा, मुलीला पुण्यास धाडण्याचे धैर्य करणारी घरे, व्ही. पी. ने मासिक मागविणारे गृहस्थ, आणि तिचे पत्र समान नात्याने वाचणारा एक तरुण, अशा अनेकांचे हात त्या वाटेस लागले.

या दोन चरित्रांवरून काय दिसते? नव्या पुस्तकाविषयी निर्भयपणे बोलणे हा तरुण वाचकाचा हक्क आहे, आणि तो हक्क वापरला गेला नाही तर वाङ्मय साचलेल्या पाण्यासारखे होते. परंतु केवळ पुस्तकांवर पोसलेले मत पुष्कळदा पुस्तकाइतकेच राहते. श्रीपाद कृष्णांच्या मनोराज्यातील राजपुत्र मागे पडले आणि पोह्यांची पुरचुंडी घेतलेला सुदामा राहिला. कुसुमावतीबाईंनी लंडनला जाऊन शेक्सपिअरच्या भाषेचे अध्ययन केले. पण कथा लिहिताना त्यांनी आपल्या अवतीभवतीच्या साध्या माणसांकडेच पाहिले. दोघांच्याही लेखनात टिकले ते, ज्यात वाचलेले आणि जगलेले एकमेकांत मिसळले होते.

आज अकोल्यात किंवा अमरावतीत पुस्तकाची वाट पाहत टपाल कचेरीच्या दारात उभे राहावे लागत नाही. हातातल्या दूरध्वनीवर ग्रंथालय सामावते आणि मतही क्षणार्धात सर्वत्र जाते. अडचण आता उलट दिशेची आहे. मत देण्यास वेळ लागत नाही, म्हणून मत तयार होण्यासही वेळ दिला जात नाही. अशा वेळी वऱ्हाडातल्या एखाद्या मुलाने अथवा मुलीने नुकतेच वाचलेले पुस्तक मिटावे, थोडे थांबावे, आणि एखाद्या स्नेह्याला दोन पाने पत्र लिहावे. त्यात पुस्तक का आवडले, कोठे कंटाळा आला हे असावे. त्याबरोबर आज पाऊस आला का, शेतात हुरडा कितपत भरला, घरी आईने काय रांधले, हेही असावे. पुस्तकाचे माप आणि दिवसाचे सुख एकाच कागदावर आले म्हणजे तराजूचा पासंग आपोआप कळू लागतो.